पिंपाची पाणबुडी आणि तीस फूट पाणी

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र माझ्यासमोर आहे. त्या लिहितात : ‘माझा मुलगा सतरा वर्षांचा. बारावीची परीक्षा संपल्यापासून त्याने परसात पाणबुडी बांधायला घेतली आहे. रसायनांच्या दुकानातून दोनशे लिटरची दोन रिकामी लोखंडी पिंपं आणली आहेत. ती एकाला एक जोडायची, आत बसायला जागा करायची आणि गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत उतरायचं, असा बेत आहे. खाणीत तीस फूट पाणी आहे म्हणतात. त्याचे वडील म्हणतात, पोराचा नाद आहे, चार दिवसांत जाईल. पण तो वही पुढे करून दाखवतो, की ही पिंपं शंभर मीटरपर्यंत टिकतील. मला त्यातलं काही कळत नाही. रात्री झोप मात्र लागत नाही. त्याला हो म्हणू की नाही म्हणू?’

या पत्राला उत्तर द्यायला उशीर करून चालणार नव्हते. ‘मुलाला पाण्यात उतरू देऊ नका, बाकीचे सविस्तर लिहितो,’ एवढा निरोप त्याच दिवशी पाठवला. हे ते सविस्तर. मुलाने स्वतः वाचावे म्हणून आकड्यांसकट लिहितो आहे. मुलगा हुशार आहे. त्याने मांडलेले गणित खोटे नाही. फक्त त्याने एकच गणित मांडले आहे, आणि पाणबुडीला दोन लागतात.

दहा मीटरला एक किलो

पाण्याच्या दाबाचा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे. एक सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद आणि दहा मीटर उंच असा पाण्याचा खांब मनात उभा करा. त्यात बरोबर एक लिटर पाणी मावते आणि त्याचे वजन एक किलो. म्हणजे दहा मीटर खोलीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाणी एक किलोने दाबते. वीस मीटरवर दोन किलो, शंभर मीटरवर दहा किलो. समुद्राचे पाणी खारट, म्हणून किंचित जड. तिथे दाब थोडा जास्त.

यात तळ्याच्या लांबीरुंदीचा काही संबंध नाही. हॉलंडच्या सायमन स्टेव्हिनने १५८६ मध्येच हे दाखवून दिले होते. अरुंद विहीर असो की अथांग समुद्र, दाब ठरतो तो फक्त खोलीवर. ‘खाण तर लहानशी आहे’ हा दिलासा म्हणूनच खरा नाही.

एक किलो ऐकायला फार वाटत नाही. आता पिंपाच्या झाकणाचे क्षेत्रफळ काढा. दोनशे लिटरच्या पिंपाचा व्यास साधारण ५७ सेंटिमीटर असतो. म्हणजे झाकण सुमारे २,५५० चौरस सेंटिमीटरचे झाले. तीस फूट, म्हणजे नऊ मीटर पाण्याखाली त्या एका झाकणावर २,३०० किलोंचा भार पडेल. जुन्या मारुती-८०० चे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास होते. तशा साडेतीन गाड्या एकावर एक रचून पिंपाच्या झाकणावर ठेवायच्या आणि आत सतरा वर्षांच्या मुलाने बसायचे, असा हा बेत आहे.

कुकर उलटा केला तर

कोणी म्हणेल, एवढा दाब तर आमचा कुकर रोज सोसतो. खरे आहे. शिट्टी होते त्या क्षणी कुकरच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक किलो जास्त दाब असतो. म्हणजे दहा मीटर पाण्याइतकाच. मग कुकर टिकतो आणि पिंप का टिकू नये?

याचे कारण दाबाच्या दिशेत आहे. कुकरमध्ये दाब आतून बाहेर ढकलतो, पाणबुडीत बाहेरून आत. हा फरक वरवरचा नाही. फुग्यात हवा भरली की त्याच्या सुरकुत्या जातात, तो आपोआप गोल होतो. आतला दाब भांड्याला सावरतो. कुठे थोडा पोचा असेल तर तो पोचा बाहेर काढायला बघतो. बाहेरचा दाब याच्या नेमके उलट वागतो. जिथे पोचा असेल तिथेच तो आणखी दाबतो. पोचा खोल झाला की ती जागा आणखी कमजोर होते, कमजोर झाली की आणखी खोल जाते. हे चक्र सुरू झाले की थांबत नाही. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भांडे चेपलेले असते.

हे घरी करून बघता येते. पातळ प्लास्टिकची पाण्याची रिकामी बाटली घ्या. तिच्यात थोडे गरम पाणी (उकळते नको) घालून हलवा, ओतून टाका आणि लगेच बूच घट्ट लावून बाटली थंड पाण्याच्या नळाखाली धरा. आतली वाफ आणि हवा आक्रसते, दाब उतरतो आणि बाहेरची साधी हवा बाटलीला चिरडते. नीट पाहा, बाटली सगळीकडून सारखी लहान होत नाही. एखादी बाजू आत जाते, मग तिच्या शेजारची. बाटली फाटत नाही, तुटत नाही, नुसती आकार सोडते.

शीतपेयाचा न उघडलेला डबा हाताने दाबून बघा; दगडासारखा लागतो. उघडून रिकामा केला की तोच डबा लहान मूलही चेपते. पत्रा तोच आहे. आतून धरून ठेवणारा दाब तेवढा गेला.

दोन गणिते

आता वहीतल्या शंभर मीटरकडे येऊ. मुलाने काय केले असेल ते मला दिसते. पिंपाचा पत्रा साधारण १.२ मिलिमीटर जाड धरला. पाण्याचा दाब गुणिले पिंपाची त्रिज्या, भागिले पत्र्याची जाडी, असे सूत्र पुस्तकात असते. दहा मीटरवर पत्र्यात दर चौरस सेंटिमीटरला २४० किलोंच्या आसपास ताण येतो. साधे पोलाद अडीच हजार किलोंपर्यंत कायमचे वाकत नाही. म्हणजे दसपट ताकद शिल्लक. म्हणून दहा गुणिले दहा, शंभर मीटर. उत्तर बरोबर आहे. पण ते ‘पत्रा चिरडायला किती दाब लागेल’ या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘पिंप गोल राहील का’ हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही.

तो प्रश्न विचारला की दुसरे गणित करावे लागते. आगपेटीची काडी उभी धरून दाबली तर ती चिरडण्याच्या कितीतरी आधी वाकते. काडीचे लाकूड कमजोर नसते, आकार सडपातळ असतो. पातळ नळकांड्याचेही तसेच. ते चिरडण्याच्या आधी लचकते. हा लचकण्याचा दाब पोलाद किती बळकट यावर ठरत नाही. ते किती ताठ आहे, पत्रा व्यासाच्या मानाने किती जाड आहे आणि आधाराशिवायची लांबी किती आहे, यावर ठरतो.

दोन पिंपे जोडल्यावर पावणेदोन मीटर लांबीचे नळकांडे होते. ते अगदी गोल आणि गुळगुळीत आहे, एकही पोचा नाही असे धरून हा दाब काढला, तर उत्तर येते चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३५ किलो. म्हणजे साडेतीन मीटर पाणी!

एका गणिताने शंभर मीटर, दुसऱ्याने साडेतीन. पाणी यातले लहान उत्तर मानते. पिंपाच्या अंगावर ज्या उठावदार वळ्या असतात त्या थोडी मदत करतील हे खरे. पण दुकानात आदळआपट झालेल्या पिंपाचे पोचे, गोलाईतला फरक आणि वेल्डिंगने वाकडा झालेला पत्रा ती मदत हिसकावून घेतील. शिवाय दोन्ही टोकांची झाकणे सपाट आहेत. सपाट पत्रा दाबाला सगळ्यांत वाईट. एवढ्या पातळ सपाट झाकणाला कायमची खोक पडायला साध्या हिशेबाने एक मीटर पाणीसुद्धा लागत नाही.

बांगड्यांची नळी

मग पाणबुड्या टिकतात कशा? उत्तर घरात आहे. वहीचा एक कागद घेऊन त्याची बांगडीएवढ्या व्यासाची नळी करा आणि मुठीत दाबा. लगेच चेपते. आता तीच नळी चार-पाच बांगड्यांवर गुंडाळा, बांगड्या आत थोड्या थोड्या अंतरावर राहतील अशी. मग दाबा. कागद तोच, पण नळी ऐकत नाही. या बांगड्या म्हणजे पाणबुडीच्या बरगड्या. बरगड्यांमधले अंतर निम्मे केले की पातळ नळकांड्याची लचकण्याविरुद्धची ताकद जवळजवळ दुप्पट होते. पत्रा दुप्पट जाड केला तर ती पाचपटीहून जास्त वाढते. म्हणूनच पत्र्यात केलेली थोडीशी काटकसर पाण्याखाली फार महागात पडते.

दुसरा उपाय गोलाचा. गोल दोन्ही दिशांनी वळलेला असतो, म्हणून त्याच व्यासाच्या आणि जाडीच्या नळकांड्याच्या मानाने त्याच्या पत्र्यात निम्माच ताण येतो. अंडे मुठीत सगळीकडून सारखे दाबले तर सहज फुटत नाही, ते याच कारणाने. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरची टोके घुमटासारखी असतात, सपाट नसतात, तेही पाहून ठेवा.

आपल्याकडच्या जुन्या बांधीव विहिरी गोल का, हेही यातच आले. चहूबाजूंची माती आत ढकलते आणि गोल बांधणीत प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला घट्ट धरतो. पण एकदा का भिंत एका जागी आत फुगली, की जाणता गवंडी सांगतो, हिला पावसाळ्याआधी उतरवा. मातीच्या दाबाने फुगवटा वाढतच जाणार हे त्याला ठाऊक असते. पाण्याच्या बाबतीत तर एका पावसाळ्याची मुदतही मिळत नाही.

कीलच्या तळाशी तीन माणसे

आता या मुलाच्या आधी हा खेळ खेळलेल्या एका माणसाची गोष्ट. विल्हेल्म बाउअर हा जर्मनीतल्या बव्हेरियाचा. लाकडाचे कातकाम शिकलेला, पुढे फौजेत साधा तोफखान्याचा हुद्देदार झालेला. १८५० मध्ये डेन्मार्कच्या आरमाराने कील बंदराची नाकेबंदी केली होती. ती मोडायला बाउअरने पाण्याखालून जाणारी लोखंडी बोट आखली. आठ मीटर लांब, आत तीन माणसे. दोघांनी चाक फिरवायचे, तिसऱ्याने बोट हाकायची. नाव ‘ब्रँडटाउखर’. कीलच्या ‘श्वेफेल आणि होवाल्ट’ या कारखान्यात ती तयार झाली.

पैसा अपुरा होता. म्हणून मूळ आराखड्यातल्या पत्र्याची जाडी कमी करण्यात आली. बोट बुडवायला जे पाणी आत घ्यावे लागते त्याच्यासाठी वेगळ्या टाक्याही गाळल्या. ते पाणी बोटीच्या तळाशी मोकळेच राहणार होते.

१ फेब्रुवारी १८५१ रोजी बाउअर दोन सोबत्यांसह कीलच्या बंदरात उतरला. बोट खाली जाऊ लागताच तळाचे मोकळे पाणी मागच्या बाजूला धावले. बोट शेपटीकडून कलली आणि नको तितक्या खोल गेली. मागच्या भागाचा पत्रा दाबापुढे टिकेना, पाणी आत शिरू लागले आणि बोट तळाला जाऊन बसली.

दार उघडून बाहेर का पडले नाहीत? इथे पुन्हा आपले सोपे गणित करा. माणूस जाईल असे पन्नास सेंटिमीटर व्यासाचे झाकण धरा. पाण्याखाली फक्त एक मीटर असताना त्यावर जवळजवळ दोनशे किलोंचा भार असतो. डोक्यावर हात लावून दोनशे किलो कोण उचलणार? नऊ मीटरवर हाच भार पावणेदोन टन होतो. बुडालेल्या बोटीचे दार आतून उघडत नाही. बडोद्याच्या खाणीतही उघडणार नाही.

बाउअरला सुटकेचा एकच मार्ग दिसला, आणि तो ऐकायला भयंकर होता. शिरणारे पाणी अडवायचे नाही, उलट आणखी आत घ्यायचे. पाणी वाढेल तशी आतली हवा दाबली जाईल आणि तिचा दाब बाहेरच्या पाण्याइतका झाला की झाकणावर भारच उरणार नाही. सोबत्यांना तो वेडा झाला असे वाटले, त्यांच्यात वाद झाला असे सांगतात. अंधारात, हिवाळ्यातल्या गार पाण्यात, वर चढत येणारे पाणी बघत तिघांनी काही तास काढले. शेवटी झाकण उघडले आणि दाबलेल्या हवेने तिघांना वर फेकले. तिघेही जगले.

ब्रँडटाउखर १८८७ मध्ये बंदराच्या तळातून काढण्यात आली. आज ती ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात आहे. जिच्या पत्र्यात काटकसर केली ती बोट बुडाली, आणि ज्याला दाबाचे गणित कळत होते त्याने त्याच गणिताने तिघांचे प्राण वाचवले. पण अशा सुटकेवर भरवसा ठेवून कोणी पाण्यात उतरू नये. हवा पुरली, डोके शांत राहिले, पाणी फार खोल नव्हते, म्हणून ती साधली.

या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. त्या होवाल्टच्या कारखान्यापासून वाढत गेलेल्या कीलच्या एच.डी.डब्ल्यू. कंपनीने पुढे भारतीय नौदलासाठी ‘शिशुमार’ जातीच्या पाणबुड्या आखल्या. त्यातली ‘आय.एन.एस. शल्की’ मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली ती पहिली पाणबुडी. या जातीच्या पाणबुड्यांत एक मजबूत पोलादी गोळा बसवलेला असतो. संकट आले तर सगळ्या खलाशांनी त्यात शिरायचे आणि गोळा सोडवून वर यायचे. बुडाल्यावर बाहेर कसे पडायचे, याचे उत्तर तिथे बोट बांधतानाच बोटीत बसवलेले असते.

आधी रिकामे सोडा

विल्यम बीब आणि ओटिस बार्टन या दोन अमेरिकनांनी १९३० पासून बर्म्युडाजवळच्या समुद्रात पोलादी गोळ्यात बसून खोल जायला सुरुवात केली. पावणेपाच फूट व्यासाचा गोळा, जाड काचेच्या खिडक्या, वर जहाजाला बांधलेला दोर. १९३२ मध्ये त्यांनी गोळ्याला नवी खिडकी बसवली. तिच्यावर विश्वास ठेवून ते लगेच आत बसले नाहीत. गोळा रिकामाच खोल सोडला.

वर आला तेव्हा तो पाण्याने भरलेला होता. आतल्या पाण्याला आणि हवेला खोल समुद्राचा दाब बसला होता. दाराचा मधला बोल्ट सैल करताच तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटून डेकवरून उडाला. आत माणसे असती तर काय झाले असते हे सांगायला नको. त्यांनी खिडकी दुरुस्त केली, पुन्हा रिकामा सोडला, आणि मगच स्वतः बसले. १९३४ मध्ये ते ९२३ मीटरपर्यंत जाऊन सुखरूप परत आले. त्यांच्या धाडसाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. मला मात्र रिकाम्या गोळ्याची ती फेरी जास्त मोलाची वाटते.

आवाज ऐकू आला होता

हे सगळे जुने झाले, आता तंत्र पुढे गेले, असे मुलाला वाटेल. म्हणून एक अलीकडची गोष्ट. १८ जून २०२३ रोजी ‘टायटन’ नावाची छोटी पाणबुडी ‘टायटॅनिक’चे अवशेष बघायला अटलांटिकमध्ये उतरली आणि आतल्या पाचही जणांसह क्षणात चिरडली गेली. तिचे नळकांडे पोलादाचे नव्हते, कार्बनच्या धाग्यांचे थर चिकटवून केलेले होते. असे धागे ताणायला फार बळकट. पण बाहेरून दाबले गेले की धाग्यांपेक्षा त्यांना चिकटवणाऱ्या पदार्थाची आणि थरांच्या जोडाची परीक्षा होते. जहाजांची आणि पाणबुड्यांची तपासणी करणाऱ्या कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून ती बोट प्रमाणित करून घेतलेली नव्हती.

या प्रकरणात कार्ल स्टॅन्ली या माणसाचे नाव येते. हा स्वतः घरगुती पाणबुडीवाला. पंधराव्या वर्षी पोलादी पाइप घेऊन त्याने पहिली पाणबुडी बांधायला घेतली आणि ती पुरी करायला कित्येक वर्षे घेतली. पुढे तो होंडुरासच्या रोआतान बेटावर स्वतःच्या पोलादी पाणबुडीतून लोकांना खोल समुद्र दाखवू लागला. एप्रिल २०१९ मध्ये तो टायटनमधून एका फेरीला गेला होता. खाली जाताना कवचातून तडतड आवाज येत होते. वर आल्यावर त्याने टायटनच्या मालकाला लेखी कळवले, की हे आवाज म्हणजे कवचात कुठेतरी बिघाड वाढत असल्याची खूण आहे. ते कवच पुढे तडा आढळल्यामुळे बाद झाले. पण त्याच जागी तसलेच नवे कवच आले. २०२२ मध्ये एका फेरीच्या शेवटी त्यातूनही मोठा आवाज झाला. तरी बोट पुन्हा पाण्यात गेली. ही दुर्घटना टळू शकली असती, असे अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात स्पष्ट म्हटले.

घरी पाणबुडी बांधणारा म्हणजे वेडा, असे म्हणून चालत नाही ते यासाठी. या गोष्टीत घरी बांधणाऱ्याचेच कान शाबूत होते. घरी बांधलेली की कारखान्यात, यापेक्षा आपल्या कवचावर शंका घ्यायची तयारी आहे की नाही, हे महत्त्वाचे.

आपल्या देशातही खोल पाण्यात माणूस नेणारी बोट तयार होते आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेची ‘मत्स्य-६०००’. सहा हजार मीटर खोल, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सहाशे किलोंहून जास्त दाब. त्यासाठी आतून २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोळा, आणि त्याची भिंत ८० मिलिमीटर जाड. व्यास आणि जाडी यांचे प्रमाण सव्वीसास एक. आपल्या पिंपात ते पावणेपाचशेस एक आहे! गोळ्याचे जाड भाग इलेक्ट्रॉन-किरणांच्या वेल्डिंगने जोडण्यापूर्वी इस्रोच्या तंत्रज्ञांनी शेकडो जोड नुसते चाचणीसाठी करून बघितले. इस्रोसारख्यांना जर चाचणीची लाज वाटत नाही, तर आपल्याला का वाटावी?

आईला आणि मुलाला

ताई, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. बांधायला हो म्हणा. आत बसायला नाही म्हणा. आणि हे ‘नाही’ नुसत्या भीतीपोटी नव्हे, हिशेबाने म्हणा. वहीतल्या शंभर मीटरच्या शेजारी साडेतीन मीटरचे गणित त्याला स्वतःच्या हाताने मांडू द्या. स्वतः काढलेले उत्तर मुले मानतात, बापाचे ओरडणे मानत नाहीत. त्याच्या कॉलेजातल्या किंवा जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या यंत्रशास्त्राच्या शिक्षकांकडून ते तपासून घ्यायला सांगा.

पण त्याआधी एक गोष्ट आजच करा. ती पिंपे वेल्डिंगला देऊ नका, कापूही देऊ नका. रसायनाचे रिकामे दिसणारे पिंप खरे रिकामे नसते. आत राहिलेल्या वाफा ठिणगी पडताच भडकतात आणि पिंप बाँबसारखे फुटते. हा धोका पाण्यापर्यंत जाण्याच्याही आधीचा आहे.

आणि बाळ, तुला. दुधाच्या पावडरीचा गोल पत्र्याचा रिकामा डबा घे. त्याचा व्यास आणि पत्र्याची जाडी मोज. प्रमाण साधारण तुझ्या पिंपाच्या जवळपास येईल. गंमत अशी, की धातू तोच आणि सगळी प्रमाणे सारखी असली, तर लहान प्रतिकृती आणि मोठे भांडे साधारण एकाच खोलीवर चेपतात. डब्याचे झाकण डाख देऊन पक्के बंद करून घे. जाळीच्या पिशवीत दोन-तीन किलो दगडांसह तो बांध. दोरीला मीटरमीटरवर खुणा कर. मोठे माणूस बरोबर घेऊन, कठड्याच्या विहिरीत तो एकेक मीटर सोड आणि दर वेळी वर काढून बघ. किती मीटरवर, कोणत्या बाजूने, आधी झाकण की आधी अंग, हे लिहून ठेव. मग आत तारेची कडी बसवून दुसरा डबा सोड. घुमटी झाकणाचा तिसरा सोड. पाच-सात डबे चेपवलेस की तुला पुस्तकाबाहेरचे बरेच कळेल.

त्यानंतर हवी तर माणसाशिवायची पाणबुडी कर. प्लंबरकडे मिळणाऱ्या जाड पी.व्ही.सी. पाइपची, दोन्ही टोकांना गोल बुचांची, आत छोटा कॅमेरा आणि दिवा ठेवून दोरीने सोडायची. पाइपवर छापलेला दाबाचा आकडा बघून मात्र फसू नकोस. तो आतल्या दाबाचा असतो. बाहेरचा दाब वेगळा, हे आता तुला ठाऊक आहे. ती आधी रिकामी सोड. तीस फुटांवर न्यायची असेल तर साठ फुटांचा दाब सोसेल अशी बांध. कोरडी परत आली, की मग कॅमेरा ठेव. खाणीच्या काठावर एकट्याने जाऊ नकोस. त्या उभ्या कडा आणि ते गार पाणी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दगा देतात.

डबा चेपला तर आपले काय जाते? दहा रुपये आणि एक दुपार. तीच चूक आत बसून कळली तर सुधारायला कोणी उरत नाही. पुढेमागे हा मुलगा माझगाव गोदीत किंवा चेन्नईच्या त्या संस्थेत खऱ्या पाणबुडीचे कवच आखताना दिसला, तर मला नवल वाटणार नाही. त्यासाठी या सुट्टीत तो कोरड्या जमिनीवर असायला हवा.

ताई, डबे कितव्या मीटरला चेपले ते त्याला कळवायला सांगा. आकडे मिळाले की याच पानावर देईन.